अर्धी अर्धी भूल

एका जंगलात दवाखाना होता, मुलांनो, आणि त्यात भूल देणारे दोन डॉक्टर होते. एकच असता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

बगळे डॉक्टर आयसोफ्लुरेनची वाफ द्यायचे. जुनी आहे, भरवशाची आहे, म्हणायचे. मुंगसे डॉक्टर सेवोफ्लुरेनची द्यायचे. तिनं मांजर लवकर झोपतं आणि लवकर उठतं, म्हणायचे. यावर दोघांची सात-सात भाषणं झाली होती.

त्यांच्या हाताखाली कुशाबा कासव होता. शाळा त्यानं दुसरीतच सोडली होती. पेशंटच्या अंगावर गरम कापड घालायचं आणि श्वास मोजायचे, एवढंच त्याचं काम. बोलायची वेळ आली, की त्याची मान कवचात जायची.

एके दिवशी तांबूबाई मांजर जांभळाच्या झाडावरून पडली. जबड्याचे तीन तुकडे झाले. ऑपरेशन चार तासांचं. दाराबाहेर तिची तीन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली.

"इतकं लांबलचक ऑपरेशन पुन्हा मिळायचं नाही," बगळे म्हणाले. "तुलना उरकूनच टाकू."

दवाखान्याचे प्रमुख अस्वलराव कुणालाच दुखवायचे नाहीत. त्यांनी हुकूम काढला. पहिले दोन तास बगळ्यांची वाफ, पुढचे दोन मुंगशांची.

दोन तास झाले. मुंगशांनी आपली वाफ सुरू केली. बगळे आपली बंद करीनात. जबडा जोडणारा सुतारपक्षी मध्ये तार शोधत दहा मिनिटं थांबला होता; ती मिनिटं भरून मिळावीत, असं त्यांचं म्हणणं. नियमात तसं नाही, असं मुंगशांचं. दोघे नियम बघायला कपाटाकडे गेले.

दोन्ही वाफा चालूच राहिल्या.

कुशाबा मोजत होता. मिनिटाला चौदा. मग नऊ. मग पाच.

"साहेब," तो म्हणाला.

"थांब रे, कलम सापडतंय," कपाटाकडून उत्तर आलं.

तीन.

मग कुशाबानं जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता काम केलं. सुतारपक्ष्याला थांबवलं, दोन्ही चाव्या बंद केल्या, नुसता प्राणवायू सोडला आणि श्वास देणारी रबरी पिशवी दाबत राहिला. पाच. नऊ. चौदा. तांबूबाईची मिशी हलली, तशी हाताला लागली ती चावी त्यानं जराशी उघडली. पुढं ऑपरेशन संपेपर्यंत ती कमीजास्त करत राहिला, पण तिच्या छातीवरची नजर काढली नाही.

संध्याकाळी तांबूबाईनं डोळे उघडले आणि शेपटीनं मधल्या पिल्लाला थोपटलं. पिल्लांनी दवाखाना डोक्यावर घेतला.

अस्वलरावांनी विचारलं, "कुशाबा, शेवटी वाफ कुठली दिलीस?"

"बाटलीवरची चिठ्ठी नाही बघितली, साहेब. तिच्याकडं बघत होतो."

दोन्ही डॉक्टरांचे चेहरे उतरले. सगळी तुलना पाण्यात गेली होती. त्यांनी अहवाल लिहिला, आणि तोही पहिल्यांदाच एकमतानं : कासवाच्या हलगर्जीपणामुळे प्रयोग फसला.

तात्पर्य : मांजर वाचवायच्या नादात विद्वानांचा प्रयोग बिघडवू नये. मांजरं काय, झाडावरून पडतच असतात. आणि वाचवायचंच असेल, तर आधी चिठ्ठी वाचावी.