सोपानभाऊंची मिसिंग

सोपानभाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, स्पार्क प्लग असतो. जुना, फडक्यात गुंडाळलेला. लग्नाला जाताना ते कडक इस्त्रीची टोपी घालतील, धुतलेला पांढरा शर्ट घालतील, पण खिशाला तो बोटभर फुगवटा असणारच. एकदा आमच्या वारूळवाडीतल्याच एका लग्नात कोणीतरी आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला त्यांच्याकडे पेन मागितला. सोपानभाऊंनी खिशात हात घातला, प्लग काढून पुढे केला आणि मागणाऱ्याचा चेहरा बघून म्हणाले, "लिवत न्हाई, पन खरं सांगतो."

प्लग खरं सांगतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. तिथं ठिणगी पाडणारा प्लग काढायचा आणि त्याचं टोक बघायचं. टोक तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काळी काजळी धरली असेल तर इंजिन खातंय जास्त, जाळतंय कमी. पांढरं पडलं असेल तर डोकं तापलंय. ही तीन रंगांची विद्या ते माणसांनाही लावतात. ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून दारात आला होता. तो वळताच मला म्हणाले, "काळा प्लग. खातोय लई, उजेड काय पडंना." एका सकाळी माझ्या बायकोनं माझ्यावर आवाज चढवला, तेव्हा कुंपणापलीकडून सल्ला आला, "भाऊ, वहिनींचा प्लग पांढरा झालाय. जरा सावलीत उभं ऱ्हावा." तो सल्ला तिनेही ऐकला आणि माझी दुपार आणखी तापली.

मला मात्र ते 'तपकिरी माणूस' म्हणतात. याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही. मी वीस वर्षं वीज कार्यालयात मीटरचं रीडिंग घेतोय. आकडा दिसला की तो लिहून ठेवायचा, एवढंच मला येतं. सोपानभाऊंच्या घराला आणि माझ्या घराला एकच कुंपण आहे. त्यामुळे त्यांच्या गाडीची कथा मला आकड्यांसकट माहीत आहे.

गाडी म्हणजे सीएनजीवर चालणारी छोटी पिकअप. तीन वर्षांपूर्वीच्या गुढीपाडव्याला घेतलेली, तीन वर्षांच्या वॉरंटीची. नारायणगावच्या रोपवाटिकांतून टोमॅटो-मिरचीची रोपं ट्रेमध्ये भरायची आणि आणे गावाच्या पठारावरच्या शेतकऱ्यांना बांधावर पोचवायची, हा धंदा. तो एकट्याचा नव्हता. सोपानभाऊ स्टिअरिंगवर आणि त्यांच्या पत्नी कमलवहिनी डावीकडच्या सीटवर. बांधावर ट्रे मोजून द्यायचं काम वहिनींचं. गाडीचा आवाज ऐकायचं कामही त्यांचंच, कारण सोपानभाऊंचा डावा कान लहानपणापासून अधू आहे. "अहो, मागं फाळका वाजतोय," असं वहिनी म्हणाल्या की सोपानभाऊ गाडी बाजूला घेत. मागचा फाळका खरोखरच सुटलेला असे.

दिवाळीत वहिनी चिंचवडला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. सव्वा महिन्यात येणार होत्या. पण पुढे लेकीची रजा संपली, ती कामावर जायला लागली आणि बाळ आजीकडे राहिलं. सोपानभाऊंनी फोनवर एकदाच विचारलं, "कवा येतीस?" वहिनी म्हणाल्या, "न्यायला या, मग येते."

"येतो की गाडी घिऊन," सोपानभाऊ म्हणाले. आणि दिवाळीपासून घाटात अधूनमधून अडखळणारी गाडी त्याच आठवड्यात पुरती मिसिंग करायला लागली.

मिसिंग हा आमच्याकडच्या गॅरेजातला शब्द. चार सिलिंडरांपैकी एकाने मध्येच काम सोडलं की गाडी उचकी लागल्यासारखी थरथरते आणि चढावर दम टाकते, ती मिसिंग. सोपानभाऊंची गाडी आळेफाट्यापर्यंत नीट जायची आणि आण्याच्या घाटात भरल्या मालानिशी मिसिंग करायची. असल्या गाडीवर चिंचवडला जाऊन बायकोला आणायचं, तर चाकणच्या गर्दीत बंद पडली म्हणजे?

"मग एसटीनं जा," मी म्हणालो.

"दारात गाडी असताना एसटीनं जाऊ? ती म्हनंल, मी न्हवते तर गाडी इकली का काय."

कंपनीचं वर्कशॉप कळंबला, हायवेवर. तिथल्या सुपरवायझरने प्लग बदलले आणि सांगितलं की प्लग वॉरंटीत बसत नाहीत, ते झिजणारी वस्तू आहेत. सोपानभाऊ खुर्ची ओढून समोर बसले.

"इंजिन वारंटीत बसतं?"

"बसतं."

"प्लग इंजिनात बसतो?"

"बसतो."

"मग मधल्यामधी बिचाऱ्यालाच उभं का करता, राव?"

नवे प्लग घालूनही आण्याच्या घाटात पुन्हा तेच. दुसऱ्यांदा प्लग बदलले, पुन्हा तेच. मग सुपरवायझर स्वतः शेजारी बसून घाट चढून आला. गाडी लोण्यासारखी चालली. कागदावर शेरा पडला, 'दोष आढळला नाही'. असं चार वेळा झालं. सोपानभाऊ म्हणाले, "दुखणेकऱ्यानं डाक्टर बघून हसावं, तसं करती ही."

मग त्यांनी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. अंगणात, स्पीकर चालू ठेवून, त्यामुळे मीही ऐकला. पलीकडे हिंदी बोलणारी एक मुलगी होती.

"सर, क्या प्रॉब्लेम है?"

"गाडी मिसिंग है."

"ओह. कब से मिसिंग है, सर?"

"दिवाळी से."

"सर, आपने पुलिस में कंप्लेंट किया?"

"पुलिस का क्या काम? घाट में मिसिंग होती है."

"मतलब घाट में से मिसिंग हुई?"

"हां. घाट उतरा की वापस ठीक आती है."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग ती मुलगी फार मायेने म्हणाली, "सर, आप घबराइए मत, मैंने नोट कर लिया है."

"लई चांगली पोरगी," सोपानभाऊ फोन ठेवून म्हणाले. "तपकिरी प्लग."

त्या चांगल्या पोरीने काय नोट केलं होतं, ते पुढच्या सोमवारी कळंबला कळलं. कॉम्प्युटरवर गाडी चोरीला गेलेली दाखवत होती. चोरीची गाडी घेऊन तिचा मालक स्वतः हजर झाला होता आणि सुपरवायझर एकदा पडद्याकडे, एकदा सोपानभाऊंकडे बघत होता. चोरीची नोंद काढायला अकरा दिवस गेले. पाडव्याला वॉरंटी संपणार होती. अकरा दिवस वजा करता हातात एकोणतीस उरले. पाडव्यानंतर दोष सापडला तर वायरिंगपासून सगळं स्वतःच्या खिशातून करावं लागणार होतं, आणि तो सापडला नाही तर चिंचवडचा रस्ता तसाच बंद राहणार होता.

संध्याकाळी मात्र एक कार्यक्रम ठरलेला असे. माल उतरवून आले की सोपानभाऊ डावी सीट उचलत. या गाडीचं इंजिन सीटच्या खालीच असतं. मग चिंचवडला फोन लावून तो इंजिनावर धरत.

"ऐकू येतंय का?"

"थांबा, बाळाला खांद्यावर घेते. हां, धरा."

मग पाच-पाच मिनिटं कोणीच बोलत नसे. इकडे हे वाकून उभे, तिकडे त्या गप्प. इंजिन तेवढं बोलायचं. एकदा बाळ रडायचं थांबलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, बंद करू नका लगेच. झोपतंय ते."

त्या दिवशी गॅस बराच जळला. सोपानभाऊंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सुपरवायझर एकदा सहज बोलून गेला, "काका, तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी ऐकलंय का हे मिसिंग?" सोपानभाऊंना ते लागलं. त्या दिवशी ते शंभर पानी वही घेऊन माझ्याकडे आले. "भाऊ, तुमी रीडिंगवालं. रकानं पाडून द्या. आनि साक्षीदाराचा रकाना ठिवा. आमाला लबाड म्हन्तो तो."

मी रकाने पाडले. तारीख, किलोमीटर, रस्ता, माल, मिसिंग झाली का, साक्षीदार. सुपरवायझरच्या चार फेऱ्या त्याच्या कागदांवरून आधीच उतरवून घेतल्या. नोंदी मी माझ्या हाताने करायच्या आणि त्यांनी रोज संध्याकाळी सांगायच्या, असं ठरलं. सवड असेल तेव्हा मी साक्षीला जायचो. सात वेळा गेलो. घाट चढताना सोपानभाऊ मान तिरकी करून चांगला कान इंजिनाकडे लावत आणि मी रस्त्याकडे लक्ष ठेवत असे, कारण त्यांचं नसायचं. सातही वेळा गाडीने माझी साक्ष फुकट घालवली. "तुमचा पायगुन लई चांगला," ते खिन्नपणे म्हणाले. "पन आपल्याला तो नकोय ना."

एकदा साक्षीदाराच्या रकान्यात त्यांनी सांगितलं, "युरियाचं पोतं."

"पोतं कसं साक्षीदार होईल?"

"शेजारी बसलं व्हतं. उगं खोटं कशाला लिवायचं?"

मी लिहिलं. जे सांगितलं ते लिहायचं, हा माझा नियम आहे.

पाडव्याला चार दिवस उरले तेव्हा मी वही घेऊन बेरजा करायला बसलो. माल भरून घाट चढलेल्या एकतीस फेऱ्या. एकोणीस वेळा मिसिंग झाली, बारा वेळा नाही. रस्ता तोच, माल साधारण तेवढाच. सकाळ-संध्याकाळचा फरक नाही. मग शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि पुन्हा वरून फिरवलं. न झालेल्या बारा फेऱ्या अशा: मी सात, सुपरवायझर चार, युरियाचं पोतं एक. झालेल्या एकोणीसच्या एकोणीस फेऱ्यांत तो रकाना कोरा.

मी कुंपणावरूनच हाक मारली. सोपानभाऊ आले. मी वही दाखवून म्हणालो, "गाडीला साक्षीदाराची भीती वाटत नाही. वजनाचा संबंध आहे. डाव्या सीटवर कोणी बसलं की खालची कुठली तरी वायर दाबून राहते. सीट रिकामी असली की ती उचलत असणार."

ते वहीकडे बघत राहिले. वॉरंटीच्या अर्जात 'तक्रारीचे स्वरूप' अशी एक ओळ असते. तिच्यावर मी लिहिलं आणि सवयीने मोठ्याने वाचून दाखवलं. "डाव्या सीटवर कोणी बसलेले नसल्यास गाडी मिसिंग करते."

सोपानभाऊंनी खिशातला प्लग काढला, फडक्याने पुसला, पुन्हा फडक्यात गुंडाळला. मला वाटलं, वाक्य चुकलं.

"बदलू का?"

"नगं," ते म्हणाले. "असंच ऱ्हाऊ द्या. खरं हाय ते."

दुसऱ्या दिवशी कळंबला सुपरवायझर अर्ज वाचून हसला. पण मी वही पुढे ठेवली तेव्हा त्याने एकोणीस आणि बारा स्वतः मोजले. मग गाडीतला माल तसाच ठेवून तो एकटाच घाटाकडे गाडी घेऊन गेला. आम्ही दोघं वर्कशॉपच्या बाकावर बसून राहिलो. अडीच तासांनी आला तो धावतच आला. "काका, मिसिंग करते!" इतका आनंद मी दोष सापडल्याबद्दल कोणाला झालेला पाहिला नाही. सीट उचलली. चौथ्या प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलला वायर जिथे जोडतात, तिथल्या चिमट्याचं प्लास्टिकचं नख तुटलं होतं. सीटवर माणूस असला की वायर जागेवर दाबून धरली जायची. नसला की चढाच्या हादऱ्याने सुटायची. म्हणजे नख कधी तुटलं ते सांगता येणार नाही. वहिनी बसत होत्या तोवर कळलंच नसतं.

कॉइल आणि वायरिंग, दोन्ही वॉरंटीत बसलं. दोन दिवस बाकी असताना गाडी हातात आली.

सोपानभाऊ म्हणाले, "चला भाऊ, घाटात बघून येऊ." मी जाग्यावरच थांबलो. मी बसलो तर परीक्षाच होत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. ते एकटे गेले आणि तीन तासांनी आले. गाडी बंद करून तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"न्हाई केली मिसिंग. एकदाबी न्हाई."

"मग चांगलंच झालं की."

"झालं," ते म्हणाले. डाव्या सीटवरून उपरणं फिरवून त्यांनी धूळ झाडली. तिथे धूळ नव्हती. "आता हितं कुनी नसलं तरी हिला काय कळंना, भाऊ."

त्या संध्याकाळी फोन इंजिनावर फार वेळ धरावा लागला नाही. वहिनींनी लगेच सांगितलं, "झाली की बरी. मग आता काय कारण सांगनार?"

पाडवा झाला. नंतर दोन दिवस मी कामावर असताना गाडी दारात नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर ती शंभर पानी वही ठेवलेली होती. काम झालं म्हणून परत केली असेल, असं समजून मी ती फडताळात ठेवणार होतो. पण रीडिंग घेणाऱ्या माणसाला शेवटचा आकडा बघितल्याशिवाय वही मिटता येत नाही.

माझ्या नोंदींच्या खाली एक ओळ वाढली होती. पेनाने, वाकड्या अक्षरात, रेघ सोडून. त्यांना पेन कुठे मिळाला कोण जाणे. रकाना मात्र एकही चुकवला नव्हता, तारीख आणि किलोमीटरसुद्धा लिहिले होते. पुढे होतं:

रस्ता: चिंचवड ते वारूळवाडी. माल: दोन पिशव्या, एक पाळणा, एक नातू. मिसिंग: न्हाई. साक्षीदार: मालकीण.