पूर्वजांनी बोलू नये

माणसाला पूर्वजांविषयी फार जिव्हाळा असतो. अट एकच, ते वारलेले असावेत. हयात पूर्वज पंखा बंद कर, जेवलास का, आज उशीर का झाला, असं काहीबाही बोलत राहतात आणि जिव्हाळ्यात व्यत्यय येतो.

हे ओळखूनच एका संस्थेने रविवारच्या रानसहली काढल्या. शहरातली मंडळी नवेकोरे बूट घालून यायची, वाटाड्यामागून टेकडी चढायची आणि वरचे प्राचीन उभे दगड बघायची. (एक आडवा आहे. तो का आडवा आहे याबद्दल तज्ज्ञांत दोन मतं आहेत. चढ लांब असल्याने वाटाड्या दोन्ही सांगे.) शेवटी पूर्वजांची झोपडी. तिथे जाडंभरडं नेसलेली एक बाई जात्यावर दळत बसलेली असे. तिला बघून निम्म्या मंडळींचे डोळे पाणावत, उरलेली फोटो काढत.

या बाईला एका मालिकेत सासूचं काम मिळालं आणि पूर्वजांची जागा रिकामी झाली. संस्थेच्या संचालकांनी वाटाड्याला बोलावलं.

"रविवारपर्यंत पूर्वज मिळाला नाही, तर सहल बंद. मग तुमचंही काही काम राहणार नाही."

वाटाड्याने आपल्या आईला आणलं. ती नाहीतरी घरी रिकामीच असे आणि बोलायला माणूस शोधत असे. त्याने तिला नियम वाचून दाखवले. पूर्वजांनी चष्मा लावू नये. पूर्वजांनी घड्याळ बघू नये. पूर्वजांनी बोलू नये (त्या काळी भाषा कितपत होती, याबद्दल संस्था ठाम नाही).

"हे शेवटचं मला जमेल," आई म्हणाली. "घरी सवय आहे."

पण रविवारी एक बाई लंगडत झोपडीत शिरली आणि आईला राहवलं नाही.

"अगं, बूट काढ तो आधी. बस इथे," ती म्हणाली. मंडळी चपापली आणि मग भोवती दाटीवाटीने बसली. आपल्याभोवती एवढी माणसं बसलेली बघून आई खुलली.

"याच टेकडीवरून मी माझ्या पोराला पाठीशी बांधून डॉक्टरकडे नेला होता. तापाने नुसता फणफणला होता. वाटेत चप्पल तुटली, मग अनवाणीच. त्या आडव्या दगडावर जरा टेकले, तर कानाशी म्हणतो कसा, आई, दमली असशील तर मी चालतो."

कुणीतरी नाक पुसलं. लंगडणाऱ्या बाईने विचारलं, "तो मुलगा आता कुठे असतो?"

आईने दाराशी उभ्या असलेल्या वाटाड्याकडे पाहिलं.

"असतो," ती म्हणाली. "कामात असतो."

"हल्लीची मुलं!" मंडळी हळहळली. वाटाड्या दारातून एक पाऊल आत आला. ही गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती. पण परतीची बस उभी होती.

सहल तुफान गाजली. संस्थेने त्याच दिवशी नियम बदलून पूर्वजांना बोलण्याची मुभा दिली (फक्त झोपडीत). आडव्या दगडाबद्दल आता तीन मतं आहेत.

त्या संध्याकाळी घरी आईने ताट वाढता वाढता सुरुवात केली, "अरे, त्या दगडावरून उठले ना, तर पुढे..."

वाटाड्याला खरंच ऐकायचं होतं. पण दिवसभर बोलून तो दमला होता.

"आई, रविवारी सांग ना. सगळ्यांसमोर."

"बरं," आई म्हणाली आणि तिने पंखा बंद केला.

सहलीला आपणही जरूर यावं. घरची म्हातारी माणसं सोबत आणू नयेत, झोपडीत दाटी होते. निघताना ती कुठे चाललास विचारत दारापर्यंत येतील. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तेवढ्यात बुटाची नाडी बांधून होते.