जानूकाकांची बादली

वैशाखात टोकावड्याच्या रस्त्यावर सायकलच्या हँडलला भरलेली बादली लटकवून कोणी निघालेलं दिसलं, तर ते आमचे शेजारी जानूकाका समजावेत. कुणाच्या शेतातून धूर निघतोय हे शेताच्या मालकाआधी त्यांच्या नाकाला कळतं. जाळावर बादली रिकामी करतात आणि म्हणतात, "हवा सगळ्यांची हाय रे, तुझ्या एकट्याची नाय."

आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी राब भाजतात. म्हणजे बी पेरायच्या जमिनीच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत आणि वर माती असे थर द्यायचे आणि पेटवायचे. पूर्वी या दिवसांत सगळं शिवार धुरकट असायचं. त्या वासाने मला अजून शाळेची सुट्टी आठवते. आता बियाणं पिशवीतून येतं, खत गोणीतून येतं आणि धोरण सरकारी गाडीतून. फांद्या तोडू नका, राब जाळू नका, रोपांसाठी उंच गादीवाफे करा, असं साहेब सभेत सांगून गेले. गावाने माना डोलावल्या आणि चहा पिऊन गाव घरी गेलं. काकांनी मात्र मनावर घेतलं.

मग काय विचारता. माझ्या बिडीवरही एकदा पाणी पडलं. आमच्या सत्यनारायणाला ते उदबत्तीकडे इतक्या संशयाने बघत बसले, की भटजींनी पूजा आवरती घेतली. "नियम म्हंजे नियम," काका म्हणाले आणि प्रसाद घेऊन गेले.

परवा दुपारी त्यांच्याच परसातून धूर आला. मी मोठ्या आनंदाने बादली भरली आणि कुंपण ओलांडलं.

काका एका घमेल्यापुढे उकिडवे बसले होते. घमेल्यात शेण, पाला, गवत, वर माती. एवढासा राब. शेजारी त्यांची बादली भरून तयार. मागे पडवीत खाटेवर हौसाकाकी. गेल्या वर्षापासून काकींना माणसं ओळखू येत नाहीत, काकासुद्धा नाहीत. वैशाख लागला की राब भाजायचा राहिला म्हणून त्या उठतात आणि भर उन्हात घाटरस्त्याने चालू लागतात. मागे एका एसटीवाल्याने कसाबसा ब्रेक मारला होता.

"वास आला का घरात बसते," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "हवा सगळ्यांची हाय, म्हाईत हाय मला."

मी बादली पाठीमागे धरली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

काकी डोळे मिटून धूर ओढून घेत होत्या. चेहरा कसा निवलेला.

"चांगला भाजलास रे बाबा," त्या काकांना म्हणाल्या. "आमचं घरचं मानूस शेतावरनं आलं का त्याला दाव. त्याला लय बरं वाटंल."

"दावतो," काका म्हणाले आणि घमेल्यातला पाला काडीने सारखा करू लागले.