येळ्ळूरकर अण्णा कॉम्प्युटर निवडतात

येळ्ळूरकर अण्णा चार वर्षं एक कॉम्प्युटर निवडत होते. घेत नव्हते, निवडत होते. या चार वर्षांत त्यांनी एक स्क्रूसुद्धा विकत आणला नव्हता.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. पुण्याहून बंगळुरूला बदली होऊन मी बायको-मुलीसह बनशंकरीत राहायला आलो होतो. दुसऱ्याच दिवशी माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून मी लिफ्टमध्ये उभा होतो. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे केसाची जाडी मोजणारं ते पोलादी माप. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डब्याच्या जाळीवरून बोट फिरवलं, बोटाची धूळ मला दाखवली आणि म्हणाले, "हवा कुठनं आत घेतंय हे?"

"समोरून."

"आणि सोडतंय?"

"मागून."

"मधेच अडायलीय बघा. रिजेक्ट." तेवढ्यात माझा मजला आला. मी बाहेर पडत असताना ते म्हणाले, "वरच राहतो की आम्ही. कॉफीला यायचं."

अण्णा मूळचे बेळगावकडचे. मोठ्या यंत्रांच्या एका कारखान्यात ते तेहतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि बहुतेक वेळा तिथूनच परत जायचा. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, तपासणी राहिली. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचा मीटर, गणपतीच्या मंडपाचा खांब, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. पहिल्या दिवाळीला माझ्या बायकोनं, मीनलनं, वर चकल्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत द्यायला अण्णा स्वतः आले. "चव फर्स्ट क्लास. पण कड्यांच्या जाडीत दीड मिलिमीटरचा फरक पडायलाय. सोऱ्याची चकती बघून घ्या." यापुढे वर काहीही जाणार नाही, असं मीनलनं त्या दिवशी जाहीर केलं. पुढच्या दिवाळीला मात्र ती नवी चकती घेऊन आली.

माझं काम कॉम्प्युटरचंच, त्यामुळे अण्णांनी मला सल्लागार नेमलं. सल्ला त्यांनी कधी घेतला नाही, पण सल्लागार समोर लागायचा. दर शनिवारी सकाळी दहाला मी वर जायचो. इंदूअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्टीलच्या पेल्यातून कॉफी आणून द्यायच्या आणि अण्णा जाडजूड फाइल उघडायचे.

निवडीची पद्धत साधारण मुलीचं लग्न जमवण्यासारखी होती. आधी प्रोसेसर पसंत पडायचा. मग त्याला साजेसा मदरबोर्ड. मदरबोर्ड ठरला की त्यावर बसणारी मेमरी बदलायची. मग ग्राफिक्स कार्ड इतकं लांब निघायचं, की आधी ठरवलेल्या डब्यात ते मावायचं नाही. मोठा डबा घ्यावा तर तो टेबलाखाली जात नसे. सगळं जुळत आलं, आता शेवटची सही, की अण्णा पेन खाली ठेवायचे. "स्वल्प थांबू या. पुढच्या महिन्यात नवीन कार्ड येणार म्हणे." नवीन कार्ड यायचं, त्याला जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय लागायचा, आणि आम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

महिन्यातून एकदा आम्ही एस. पी. रोडला जायचो. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची तिथं ओळीनं दुकानं आहेत. मंजुनाथच्या दुकानात अण्णांसाठी एक स्टूल राखीव होतं. अण्णा पिशवीतून पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला काढायचे. तो ते बनशंकरीपासून बसमधून न सांडता कसा आणत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. चालू कॉम्प्युटरच्या डोक्यावर तो ठेवायचा आणि पाण्यावर तरंग उठतात का, हे डोळे बारीक करून बघायचं.

"पंखा हलायलाय बघा. रिजेक्ट."

मंजुनाथ हात जोडायचा. "अण्णा, लोक यावर सिनेमे बनवतात. त्यांना चालतं. तुम्हाला याच्यावर करायचंय तरी काय?"

"काम मोठं आहे," एवढंच अण्णा म्हणायचे.

हे मोठं काम काय, ते मला दीड वर्षानंतर कळलं. एका रविवारी अण्णा आमच्या दारात आले आणि विचारलं, "तुमची मुलगी किती वर्षांची?"

"अकरा संपत आलीत."

"स्वल्प खाली पार्किंगमध्ये पाठवा. चालून दाखवायचंय."

सईनं नेहमीच्या चालीनं चाळीस पावलं टाकली. अण्णांनी टेपनं अंतर मोजलं, चाळीसनं भागलं, वहीत लिहिलं आणि तिला चॉकलेट दिलं. मी न राहवून विचारलं, तेव्हा ते मला वर घेऊन गेले आणि आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. त्यात गुंडाळ्या करून ठेवलेले शेकडो नकाशे होते. घरं, गोठे, देवळाची पायरी, वडाचा पार, विहिरीचा रहाट. प्रत्येकावर मिलिमीटरमध्ये मापं.

"हिचं गाव," अण्णा बाहेर बसलेल्या इंदूअक्कांकडे मान करून म्हणाले. "ही अकरा वर्षांची असताना धरणाच्या पाण्यात गेलं. मी कधी बघितलं नाही, माझं लग्न त्यानंतरचं. फोटो एक नाही. हिला जे आठवतं ते. घरापासून विहीर चाळीस पावलं, म्हणते. पण पाऊल कुणाचं? अकरा वर्षांच्या मुलीचं. ते माप चुकलं असतं तर अख्खं गाव सरकलं असतं."

त्यांना ते गाव कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर रेखाटन होत होतं, पण एक चित्र बाहेर यायला अख्खा दिवस लागायचा. "चित्र नको हिला," अण्णा म्हणाले. "आत चालत जाता आलं पाहिजे. वळलं की गल्ली वळली पाहिजे. त्याला मशीन पाहिजे."

इंदूअक्का बाहेर शेंगा सोलत होत्या. मी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "दाखवलं का तुम्हाला? मला तर कंटाळा आला बाई. रोज विचारतात, दार आत उघडायचं का बाहेर."

त्या विसरू लागल्या आहेत, हे आधी मीनलच्या लक्षात आलं. कॉफीत साखर दोनदा पडू लागली. मग पडेनाशी झाली. मग एका शनिवारी कॉफी करायचीच राहिली आणि अण्णा स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार, असंही स्पष्ट सांगितलं. मूलबाळ नव्हतंच. घरात दोघंच.

मला वाटलं, आता तरी अण्णा घाई करतील. पण त्या महिन्यात त्यांनी फाइलीत डबाच बदलला. त्याच्या पुढच्या महिन्यात प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. शेवटी माझा तोल सुटला.

"अण्णा, नवीन कार्ड दर वर्षी येणार. अक्का थांबणार आहेत का तोवर?"

मी हे बोलायला नको होतं. अण्णांनी फाइल मिटली. तिची फीत बांधली.

"मला मशीनची भीती नाही वाटत," ते म्हणाले. "मशीन आलं की गाव दाखवायला लागणार. आणि हिनं बघून म्हटलं, हे माझं गाव नाही, तर? तेहतीस वर्षं दुसऱ्यांचं काम नापास केलं मी. माझं काम तपासणारी ही एकटीच आहे."

त्यानंतर काही शनिवार मी वर गेलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं. खरं कारण लाज हे होतं.

मग एके दिवशी दुपारी ऑफिसात मंजुनाथचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सर, लवकर या. अण्णांना काहीतरी झालंय."

मी इलेक्ट्रॉनिक सिटीहून धावतपळत पोचलो. अण्णा काउंटरसमोर उभे होते. स्टुलावर बसले नव्हते. हातात पिशवी नव्हती, पेला नव्हता. मंजुनाथ एकेक खोका समोर ठेवत होता आणि अण्णा न उघडता म्हणत होते, "पास." मेमरी, पास. पॉवर सप्लाय, पास. जे कार्ड त्यांनी दोन वेळा नाकारलं होतं तेच दुकानात शिल्लक होतं. तेही पास.

"अण्णा, एकदा उघडून तरी बघा," मंजुनाथ रडकुंडीला येऊन म्हणाला.

"असूदे. भर पिशवीत."

रिक्षात खोके मांडीवर घेऊन बसल्यावर ते म्हणाले, "सकाळी हिनं मला विचारलं, आपण कोण? चहा घेणार का?" मग बाहेर बघत म्हणाले, "चहा चांगला केला होता."

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी कॉम्प्युटर जोडला. अण्णा शेजारी बसून स्क्रू देत होते. पंखा जरा वाजत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, चालू दे म्हणून. संध्याकाळपर्यंत जुन्या कॉम्प्युटरवरचं गाव त्यात चढलं. अण्णांनी कीबोर्डचं एक बटण दाबलं आणि पडद्यावरचं चित्र पुढे सरकू लागलं. शेणानं सारवलेली अंगणं आली, डावीकडं गोठा, उतरती गल्ली, पुढं वडाचा पार आणि देऊळ. उन्हात सावल्या पडल्या होत्या.

इंदूअक्कांना आणून खुर्चीत बसवलं. त्या बघत राहिल्या. चित्र गल्लीतून विहिरीपर्यंत गेलं, तिथून परत देवळापाशी. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आमचं गाव," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी डोळे मिटले.

"पण माणसं कुठं गेली?" अक्कांनी विचारलं. मग आवाज चढला. "दारं उघडी टाकून कुठं गेले सगळे? पाणी आलं का? मला सांगितलं नाही कुणी!" त्या उठायला लागल्या, खुर्ची मागं पडली. अण्णांनी पडदा बंद केला. अक्का मात्र बराच वेळ रडत होत्या आणि अण्णा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत नुसतं "आहेत, आहेत, शेतावर गेलेत" म्हणत होते.

मला वाटलं, हे काम इथंच संपलं. पण आठवड्यानं वर गेलो, तर गावात पारावर एक म्हातारा बसला होता आणि दारात एक बाई धान्य निवडत होती. अण्णा माणसं घडवायला शिकत होते. मापाच्या माणसाला ते जड जात होतं. बाईचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला होता.

"ही काशी मावशी," अक्का खुशीत म्हणाल्या आणि अण्णांकडे वळल्या. "तुम्ही पाहुणे ना? कुणाकडं आलात?"

"तुमच्याकडंच," अण्णा म्हणाले. "गाव बघायला आलोय. दाखवतासा काय?"

आणि अक्का दाखवू लागल्या. रोज. आज घर देवळाच्या उजवीकडं असे, उद्या डावीकडं. कधी विहीर दारात यायची, कधी ओढ्यापलीकडं जायची. अण्णा मान डोलवायचे. अक्का झोपल्या की बसून घर उचलून डावीकडं ठेवायचे. चार वर्षांची मापं त्यांनी एकेक करून पुसली. एकदा मी म्हटलं, "अण्णा, मूळची एक प्रत तरी ठेवा."

"कशाला? हिला आज जसं आठवतंय, तसं आज गाव आहे."

असं सात-आठ महिने चाललं. शेवटी शेवटी अक्का बोलायच्या थांबल्या, नुसतं पडद्याकडं बोट करायच्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी वर गेलो. अण्णांच्या शर्टाला इस्त्री नव्हती. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर विहीर होती आणि तिच्या काठावर परकर-पोलक्यातली एक मुलगी पाठमोरी उभी होती. हात-पाय या वेळी नीट जमले होते.

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "छान झालीय. इकडं वळवा की तिला."

"वळवता येत नाही," अण्णा म्हणाले.

"का? मशीन अडतंय?"

"मशीन चांगलं आहे." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "चार वर्षं मी हिला विचारत बसलो. दार किती उंच, पायऱ्या किती, रहाट कुठल्या लाकडाचा. तू कशी दिसायचीस, हे एकदाही विचारलं नाही. लहानपणी एक वेणी घालायची का दोन, तेसुद्धा माहीत नाही मला. आता तिथलं कोण उरलंय विचारायला?"

पडद्यावरच्या मुलीच्या डोक्यावर पदरासारखी ओढणी होती. केस झाकायला त्यांनी ती घातली असावी.