हार्विकचा पहिला किलोमीटर

"फक्त हा डावा लिव्हर धरून ठेवायचा. काही झालं तरी सोडायचा नाही," घरमालक श्टाइनले चालकाच्या आसनावर बसलेल्या देवदत्तला बजावत होते.

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या त्या अंगणात १९०९ सालची हार्विक टूरिंग कार उभी होती. उघड्या टपाची, पितळी दिव्यांची, मागे सोफ्यासारखं आसन. अमेरिकेतली हार्विक कंपनी तीन वर्षांतच बुडाली होती आणि श्टाइनले सहा वर्षं खटपट करत होते, तरी गाडी काही चालू होत नव्हती. आज त्यांना मदतीला भाडेकरू सापडला होता. मागच्या आसनावर देवदत्तच्या सासूबाई, मालिनीताई, फोटोसाठी पदर सावरून बसल्या होत्या.

"जपून रे!" खिडकीतून त्याची बायको चारुलता ओरडली. "नागरिकत्वाचा अर्ज गेलाय. पोलिसांच्या कागदावर नाव नको!"

"अगं, ही कसली चालू होतेय!"

श्टाइनलेंनी समोरचं हँडल फिरवलं. तोफ डागल्यासारखा आवाज झाला. देवदत्तचे दोन्ही हात कानांवर गेले, लिव्हर सुटला आणि गाडी निघाली. श्टाइनले जेमतेम झुडपात उडी मारून वाचले.

देवदत्तने घाईने स्टिअरिंग पकडलं. ते उजव्या बाजूला होतं. त्यासरशी बारा वर्षांपूर्वीचं पुणं त्याच्या हातांत जागं झालं आणि गाडी आपसूक रस्त्याच्या डाव्या बाजूने धावू लागली.

"इथे आल्यापासून पहिल्यांदा बरोबर बाजूने चालवताय हं, देवदत्तराव," मालिनीताई खूश होऊन म्हणाल्या.

समोरून त्याच बाजूने येणारी बस थांबली. बसमागच्या गाड्या थांबल्या. गाडी धावत होती म्हणायचं इतकंच. एक आजोबा शेजारून चालत चालत देवदत्तला वाहतुकीचे नियम ऐकवत होते.

"आई, ब्रेक कुठे दिसतोय का?"

"मला काय विचारता? इंजिनिअर तुम्ही ना?"

"सॉफ्टवेअर, आई! सॉफ्टवेअर!"

चौकात गाडीला ढास लागली आणि ती नेमकी पोलिसांच्या गाडीपुढे बंद पडली. चालू होईल अशी आशाच नसल्याने श्टाइनलेंनी टाकीत कपभरच पेट्रोल घातलं होतं.

"कोण चालवत होतं?" देवदत्त उतरून बॉनेटपाशी गेल्यावर तिथे आलेल्या पोलीसबाईंनी वही उघडली.

तेवढ्यात श्टाइनले धापा टाकत पोचले. केसांत पानं, डोळ्यांत पाणी.

"मी! लिहा, हेल्मुट श्टाइनले. हार्विकचा पहिला किलोमीटर. तारीख, वेळ नीट घाला!"

नुसती मान डोलावली की देवदत्त सुटला असता. पण त्याने गरम बॉनेटकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाइन! नाही, मी चालवली!"

"गाडी माझी!"

"पण चालवली मी!"

"गुन्हा आपल्याच नावावर घ्यायला भांडणारे पहिल्यांदाच बघतेय," पोलीसबाई म्हणाल्या. "साक्षीदार कोण?" त्यांनी मागच्या आसनाकडे पाहिलं.

देवदत्तने नाइलाजाने प्रश्न मराठीत सांगितला.

"त्यांना म्हणावं, कुणीच नाही चालवली," मालिनीताई शांतपणे म्हणाल्या. "तीच आपली निघाली. हे नुसते ओरडत होते."

त्याचं जर्मन करताना देवदत्तचा आवाज खोल गेला. पोलीसबाईंनी चालकाच्या रकान्यात एक सरळ रेघ मारली, दोघांना सक्त ताकीद दिली आणि त्या निघून गेल्या.

नागरिकत्वाचा अर्ज बचावला होता. पण गाडी ढकलत घरी नेताना ते दोघंही मागच्या आसनावर बसलेल्या मालिनीताईंशी एक अक्षर बोलले नाहीत.