डाव्या बाजूचं स्टेअरिंग

गाडी उजवीकडे वळवताना तावडे न चुकता खिडकीतून हात बाहेर काढून दाखवायचे. यात नवल काही नाही. फक्त त्या गाडीला चाकं नव्हती. इंजिनही नव्हतं. ते शेजारीच ताडपत्रीखाली सुटं होऊन पडलं होतं. अंधेरी पूर्वेच्या आमच्या सोसायटीत, पाण्याच्या टाकीला लागून, विटांच्या थरांवर ती अगडबंब अमेरिकन गाडी उभी होती आणि तावडे रोज सकाळी सात वाजता तिच्यात बसून अर्धा तास कुठेतरी जाऊन यायचे. तोंडाने हॉर्न वाजवायचे, गिअर बदलायचे. मधेच करकचून ब्रेक मारून, आडव्या आलेल्या कुणाला तरी मालवणीत शिवी घालायचे. आडवं बहुतेक वेळा नाडकर्ण्यांचं मांजर आलेलं असायचं, पण शिवी माणसाची असायची.

या सगळ्याला एक कायमचे प्रेक्षक होते, ते म्हणजे आमचे अण्णा. माझे वडील. आम्ही तळमजल्यावर, आणि आमची गॅलरी बरोबर त्या गाडीसमोर.

"अरे तावडे," अण्णा गॅलरीतून ओरडायचे, "तुझ्या गाडीचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. डाव्या खिडकीतून उजवीकडचा हात दाखवलास तर मागच्याला दिसणार काय, तुझं कोपर?"

"घाई कित्याक, अण्णानू?" तावडे आतूनच म्हणायचे. "गाडीक इचारूक व्हया."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रश्न कुठलाही असो, तावडे तो गाडीला विचारायचे. बॉनेटवर कान टेकवून, डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहायचे. गाडीचं उत्तर काय आलं ते आम्हाला कधी सांगत नसत.

तावडे मूळचे कणकवलीकडचे, गिरणीत फिटर होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. बायको मुलाला घेऊन गावी सासूकडे गेली आणि तावडे दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहिले. शिलाई मशीन, पंखे, आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप, असं मिळेल ते दुरुस्त करायचे. एक दिवस जुहूच्या एका बंगल्यातलं सामान विकायला काढलंय असं कळलं, म्हणून ते कपडे ठेवायला लोखंडी कपाट आणायला गेले. बंगल्याच्या मागे आंब्याखाली ही गाडी सडत होती. तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक देश सोडून निघाले होते. त्यांना गाडी नकोशी होती आणि कोंबडी तर त्यांची नव्हतीच. तावड्यांनी कपाटाचे पैसे दिले आणि गाडी घेऊन आले.

म्हणजे टेम्पोला दोर बांधून, तेव्हा होती त्या गंजक्या चाकांवर ओढत आणली. स्टेअरिंगवर तावडे स्वतः बसले होते आणि फाटकातून आत येताना त्यांनी हात दाखवला होता.

कपाट राहिलं ते राहिलंच. त्यामुळे तावड्यांचे कपडे गाडीच्या डिकीत. रोज सकाळी आंघोळ करून, पंचा गुंडाळून ते दोन जिने उतरायचे, डिकी उघडून पँट-शर्ट निवडायचे आणि पुन्हा वर जायचे. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी याला लेखी हरकत घेतली. ती माझी पहिली नोटीस. पुढे आणखी चार दिल्या. तावड्यांनी पाचही नोटिसा गाडीच्या मागच्या काचेला आतून चिकटवल्या. ऊन लागत नाही, म्हणाले.

आता गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हे. दोनच दरवाजे, पण एकेक दरवाजा आमच्या न्हाणीघराच्या दारापेक्षा रुंद. समोर लांबच लांब बॉनेट. इंजिन आठ सिलिंडरचं. तिकडे अमेरिकेत पोरं म्हणे अशा गाड्या सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळवायची. असली गाडी पुन्हा उभी करायची तर कशी करायची, यावर आमच्या सोसायटीत दोन वर्षं दर रविवारी चर्चा चालली. टाकीच्या पुनर्बांधणीवर एवढी चर्चा झाली असती तर टाकी गळायची थांबली असती.

पहिल्या मजल्यावरचे नाडकर्णी बँकेत होते आणि त्यामुळे सगळ्यातलं कळण्याचा हक्क त्यांना होता. त्यांचं म्हणणं, टेम्पोचं डिझेल इंजिन बसवा, पांढरा रंग मारा, लग्नाला भाड्याने द्या. मागे नवरा-नवरी, पुढे करवली. गॅरेजवाला उस्मान मिस्त्री डिझेलचं नाव काढलं की कानाला हात लावायचा. "तावडेभाय, शेर को घास खिलाओगे क्या? इंजिन वहीच रखो. सिर्फ स्टेअरिंग इधर लेके आओ, राइट में. पासिंग का टेन्शन नहीं, ओव्हरटेक का टेन्शन नहीं." अण्णांचं मत सगळ्यात थोडक्यात असायचं. "भंगारात घाल."

तावडे सगळ्यांचं ऐकायचे, बॉनेटला कान लावायचे आणि काहीच ठरवायचे नाहीत.

एकदा मी न राहवून विचारलं, "तावडे, अण्णा तुम्हाला रोज इतकं टाकून बोलतात, तुम्हाला राग नाही येत?"

तावडे पान्याला लागलेलं ग्रीस पुसत होते. "सेक्रेटरीनू, गिरण बंद पडल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलतत. तुम्ही नोटीस काढतास तीपण 'कृपया' घालून. माझ्याशी भांडणारो ह्या सोसायटीत एकच माणूस आसा."

 मी आपला पंपाचा विषय काढला.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा बसचे ड्रायव्हर. तीस वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर बस चालवली, कुणाच्या सायकलला ओरखडा काढला नाही. आणि निवृत्त झाल्यावर सहाच महिन्यांत आमच्याच न्हाणीघरात साबणावरून घसरले. उजव्या गुडघ्याची वाट लागली. ऑपरेशन झालं, पण पाय जो सरळ राहिला तो राहिलाच, वाकेना. रिक्षात बसले तर पाय रस्त्यावर. टॅक्सीत दार लागेना. माझ्या मेहुणीच्या लग्नाला चौघांनी उचलून टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवू म्हटलं, तर अण्णा कडाडले, "मी काय कपाट आहे?" त्यानंतर चार वर्षं ते फाटकाबाहेर गेले नाहीत. गॅलरीत खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर पाय. कुठे न्यायचा विषय काढला की म्हणायचे, "मला कुठे जायचंय?" काही दिवसांनी आम्हीही विचारेनासे झालो. खरं सांगायचं तर ते सोयीचंच होतं.

तर डिसेंबरात आमच्या कमिटीने ठराव केला. सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, आणि मांडव घालायचा तर गाडीच्या जागेवर. दोन वर्षं आम्ही मांडव कसाबसा जिन्याखाली घातला होता. भटजींच्या डोक्यावर मीटरचे खटके यायचे. ठराव असा की पंचवीस तारखेपर्यंत गाडीने स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने जागा सोडावी, नाहीतर सव्वीसला सकाळी भंगारवाला येईल. मी तावड्यांना तसं सांगितलं. या वेळी 'कृपया' गाळलं.

तावड्यांनी बॉनेटला कानही लावला नाही. मग दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागले. जे दोन वर्षांत ठरलं नव्हतं ते एका रात्रीत ठरलेलं दिसत होतं. इंजिन तेच, पेट्रोलचं. चाकं उस्मानच्या गॅरेजातली. रंग जो उरला होता तो. आणि स्टेअरिंग डावीकडेच. उस्मानने कपाळ बडवून घेतलं. "अरे यार, इतना समझाया!" तावडे फक्त हसले.

त्याच आठवड्यात रविवारी त्यांनी मला खालून हाक मारली. "सेक्रेटरीनू, पाच मिनटा हयसर येवा. तुमची उंची बरोबर हा."

कशाला बरोबर ते विचारायच्या आत त्यांनी क्रिकेटचा एक स्टंप माझ्या उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत लावून पट्टीने घट्ट बांधला. "आता बसा गाडीत. उजव्या बाजूक. पाय वाकवूचो नाय."

सगळी सोसायटी गॅलऱ्यांत जमली. मी उलटा वळून आधी ढुंगण टेकलं, तर डोकं छपराला आपटलं. पाय आत घेतला, तर डॅशबोर्डाखाली अडकला. बाहेर काढला, तर मीच निम्मा बाहेर आलो. तावडे खडूने सीटखाली खुणा करत होते आणि मला पुनःपुन्हा बसवत-उठवत होते. सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल तर अण्णा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, सेक्रेटरीचं माप घेतोय तो! शवपेटी करणार बहुतेक!" नोटिसांचा सूड म्हणून मी ते गिळलं आणि दोन दिवस तावड्यांशी बोललो नाही.

मग त्यांनी मागची सीट काढूनच टाकली आणि पुढची उजवी सीट हातभर मागे सरकवून बसवली. नाडकर्ण्यांना ते फार लागलं. "अहो, मग नवरा-नवरी बसणार कुठे?"

"तेंका चलत जाऊ दे," तावडे म्हणाले.

पंचवीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग काळा धूर सोडला, मग असा काही आवाज केला की दुसऱ्या मजल्यावरच्या मांडणीतली भांडी वाजली. उस्मान कान देऊन म्हणाला की आठपैकी सहाच सिलिंडर चालताहेत. आमच्या सात जणांच्या कमिटीत तीनच चालायचे, त्या मानाने उत्तमच होतं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी घड्याळ पाहिलं. मला फाटकाबाहेर गेलेली गाडी बघायची होती आणि मांडववाल्याला हाक मारायची होती.

पण तावडे फाटकाकडे गेलेच नाहीत. त्यांनी गाडी हळूहळू वळवून आमच्या गॅलरीसमोर आणून उभी केली, उजवा दरवाजा गॅलरीच्या पायरीला लागेल अशी. उतरून, वळसा घालून ते अण्णांसमोर उभे राहिले. अंगात डिकीतला इस्त्रीचा शर्ट होता.

"अण्णानू, एक अडचण आसा."

"तुझ्या गाडीला अडचणीशिवाय दुसरं आहे काय?"

"फाटकातून भायर पडताना उजवीकडे वळूचा आसा. माझो हात थंय पोचणा नाय."

"मग इंडिकेटर लाव की!"

"सगळा लावलंय. उजवो इंडिकेटर तेवढो नाय लावलंय."

"का?"

तावडे चपलेच्या टोकाने जमीन उकरत राहिले. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग उघड्या दरवाजाकडे, मग त्या मागे सरकवलेल्या सीटकडे. 

"हाताशिवाय बाहेर काढलीस तर पोलीस पकडेल तुला," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचाच ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

"म्हणानच इलंय."

"शर्ट आण रे माझा," अण्णा मला म्हणाले. "खाकी नको. पांढरा."

मी शर्ट आणला. त्यांना धरायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात झटकला. काठी टेकत पायरी उतरले, वळले, सीटवर टेकले. डोकं कुठे आपटलं नाही. पाय उचलून आत घेतला. तो डॅशबोर्डाखाली सरळ जाऊन बसला आणि पुढे चार बोटं जागा उरली. तावड्यांनी दरवाजा लावला. तो एका झटक्यात लागला. महिन्यापूर्वी याच सीटवर मी स्टंप बांधून धडपडत होतो, आणि अण्णांची न माझी उंची एक आहे हे मला, त्यांच्या पोटच्या मुलाला, सुचलं नव्हतं. मला लाज वाटली. अजूनही वाटते.

सुरुवातीला मी अण्णांना किती वेळा विचारलं होतं, तुम्हाला कुठे नेऊ का. मला तुमची मदत हवीय असं त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. अण्णांची मदत मागायची, हे सुचलं ते तावड्यांना.

"आरेच्या रस्त्याने घे," अण्णांचा आवाज आला. "आणि गिअर असा ओढू नकोस, गाढवा, बैल आहे काय तो?"

"तुम्ही गप बसा, अण्णानू. तुमचा काम हाताचा."

भांडतच दोघं निघाले. धूर सोडत, खिडक्या हादरवत गाडी फाटकापाशी गेली आणि थांबली. समोरून एक बस येत होती, ती जाऊ दिली. मग उजव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. पांढऱ्या बाहीतला, खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ, तळवा पुढे.  मागे हॉर्न वाजवणारा रिक्षावाला गुपचूप थांबला.

गाडी वळली, सरळ झाली, कोपऱ्यावरच्या पिंपळापलीकडे दिसेनाशी होऊ लागली. मांडववाला मागून विचारत होता, बांबू कुठे टाकू. मी गाडीकडेच बघत होतो. वळण केव्हाच संपलं होतं आणि अण्णांनी हात अजून आत घेतला नव्हता.