वीस पानांचे वाचक

एका जंगलात, मुलांनो, एक वाचनालय होतं. आपल्याकडे असतं तसंच. पुस्तकं भरपूर, सभासद त्याहून भरपूर आणि वाचणारा एकच.

तो म्हणजे साळिंदर तात्यासाहेब. अंगावरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा, की झाली लेखणी. प्रत्येक पुस्तकाची ते पहिली वीस पानं वाचत आणि आत अभिप्रायाची चिठ्ठी ठेवत. बाकीचे प्राणी चिठ्ठी वाचत आणि पुस्तक परत करत. सगळ्यांचा वेळ वाचायचा.

त्याच जंगलातल्या तळ्यात वेणूताई नावाची कासवीण राहायची. तिच्या आईचा जन्मही त्याच तळ्यातला. एकदा वनराजांच्या वाढदिवसाला उतारावरच्या गुहेसमोर कारंजं उडवलं होतं. त्यासाठी तळ्यातून बांबूची पन्हळ टाकली होती. वाढदिवस होऊन दोन वर्षं झाली. कारंजं बंद करायचं राहून गेलं. तळं हळूहळू उतरत होतं.

पन्हळीच्या तोंडात शेजारचा धोंडा बसवला की काम झालं असतं. पण तो वेणूताईला एकटीला हलेना. चार जण हवे होते.

तुम्ही विचाराल, मग तिने कुणाला सांगितलं का नाही? सांगितलं की! सगळे म्हणाले, "विषय छान आहे. लिहून काढा."

तिने लिहिलं. पहिलं पुस्तक विज्ञानकथा. तीनशे वर्षांनी जंगलातलं तळं आटतं आणि हत्ती पाणी शोधायला चंद्रावर जातात. शेवटच्या पानावर धोंड्याचा उपाय होता, आकृतीसकट.

तात्यासाहेबांनी चिठ्ठी ठेवली : "हत्ती चंद्रावर जातील हे पटतं. तळं आटेल हे पटत नाही. विज्ञानकथेला थोडा तरी आधार हवा."

वर वेणूताईला प्रेमाने म्हणाले, "वेणू, विज्ञान तुझा प्रांत नाही. तू अद्भुत काहीतरी लिही. तिथे काहीही चालतं."

मग तिने चेटकिणीची गोष्ट लिहिली. चेटकीण बांबूच्या नळीने तळं पिते आणि शेवटी एक बेडकी चार मित्रांना घेऊन नळीत धोंडा बसवते. चिठ्ठी आली : "चेटकीण झकास! तिच्यावर आणखी दोन खंड यावेत. तळ्याचा भाग मात्र कापावा."

पिल्लांनी चेटकिणीचे मुखवटे केले. धोंडा होता तिथेच होता.

एव्हाना पाणी वेणूताईच्या पाठीवरून उतरून पोटाला लागलं होतं. तिला फार भीती वाटायला लागली. तिने इतिहास लिहायला घेतला. शेजारच्या जंगलातलं तळं कसं आटलं, तारीखवार. आणि या वेळी ती शहाणी झाली होती. उपाय तिने पहिल्याच पानावर घातला, ठळक अक्षरांत.

तात्यासाहेब भडकले. "शेवट पहिल्याच पानावर? इतिहास असला म्हणून काय झालं, वाचकाला काही उत्सुकता असते की नाही?"

वाचनालयाची तातडीची सभा भरली. रसिकांचा विरस होऊ नये म्हणून पुस्तकाचं पहिलं पान डिंकाने चिकटवून टाकायचं ठरलं. ठराव एकमताने मंजूर झाला. डिंक वाळेपर्यंत पान दाबून धरायला चार जण लागले. चौघे लगेच पुढे आले.

पुढच्या महिन्यात तळं आटलं.

सगळं जंगल बिऱ्हाड उचलून डोंगरापलीकडे निघालं. वेणूताई सगळ्यांच्या मागे होती. मधूनमधून थांबून ती तळ्याकडे वळून बघत होती. तात्यासाहेब तिच्यासाठी मुद्दाम थांबले. घशाला कोरड पडली होती, तरी बोलले.

"वेणू, तुझी ती विज्ञानकथा काल पुन्हा वाचली. ती आता त्या कप्प्यात शोभत नाही. हत्तींचा भाग वगळून मी ती इतिहासात हलवली आहे."

वेणूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटपर्यंत वाचलीत?"

"वीस पानं वाचली. इतिहास म्हणून बरी आहे. पण एक सांगू? लेखिका स्वतः त्या तळ्यात राहिली असेल, असं कुठे जाणवत नाही."

वेणूताईने मान आत ओढून घेतली.

तात्पर्य : कोणतंही पुस्तक विसाव्या पानापुढे वाचू नये. पुढे उपाय असतो, आणि तो केला तर इतिहासाच्या कप्प्यात ठेवायला काही उरत नाही.